‘मी फार काही खात नाही’: खाण्याचा आणि व्यायामाचा खरा हिशोब मांडण्याची रीत

‘दिवसभरात काय खाता?’ असे डॉक्टरांनी विचारले की बहुतेक जणांचे उत्तर ठरलेले असते: सकाळी चहा, दुपारी दोन पोळ्या आणि भाजी, रात्री थोडा भात. मीही अनेक वर्षे हेच उत्तर देत होतो आणि ते देताना आपण खोटे बोलत आहोत असे मला एकदाही वाटले नाही. पुढे मोजायला बसलो तेव्हा त्या उत्तरातून सुटलेल्या पदार्थांची यादी उत्तरापेक्षा लांब निघाली: दुसरा आणि तिसरा चहा, चहासोबतची खारी, स्वयंपाक होईपर्यंत उभ्या उभ्या खाल्लेली मूठभर शेव, मुलाच्या ताटात उरलेली अर्धी पोळी, जेवणानंतर तोंड गोड करायला घेतलेला गुळाचा खडा. या पदार्थांना आपल्या भाषेनेच जेवणातून वगळले आहे. पोळी-भाजी आपण ‘जेवतो’, शेव मात्र नुसती ‘तोंडात टाकतो’, आणि तोंडात टाकलेले कोणी हिशोबात धरत नाही.

या विस्मरणाचे मोजमाप झालेले आहे. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९९२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला १२०० कॅलरींपेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही, अशी तक्रार असलेल्या दहा जणांचे चौदा दिवस निरीक्षण करण्यात आले. त्यांना जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेले पाणी पिण्यास दिले गेले. हा हायड्रोजन शरीरातून केवळ पाण्यावाटे बाहेर पडतो, तर ऑक्सिजन पाण्यावाटे आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडवाटेही जातो. त्यामुळे लघवीच्या नमुन्यांतून दोहोंचा फरक काढला की शरीराने प्रत्यक्षात किती ऊर्जा खर्च केली ते समजते. या मंडळींचा चयापचय मंद नव्हता. त्यांनी आपले खाणे प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी आणि शारीरिक हालचाल ५१ टक्के जास्त सांगितली होती, म्हणजे पानात जेवढे पडत होते त्याच्या जेमतेम निम्मे वहीत उतरत होते.

यावरून एक व्यवहार्य गोष्ट निघते. स्वतःला प्रश्न विचारून खरे उत्तर मिळत नाही, कारण ज्याला विचारायचे तोच आरोपी आहे. म्हणून खुशामत न करणारे साक्षीदार गोळा करावे लागतात. पुढील सर्व पायऱ्या या साक्षीदारांच्या आहेत. त्यांच्यासाठी दोनशे पानी वही, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातील वजनकाटा, शिंप्याची टेप, भिंतीवरचे कॅलेंडर आणि साधारण सहा आठवडे एवढेच लागते.

ज्यांना पूर्वी खाण्याचा विकार झालेला आहे, म्हणजे उपाशी राहण्याचे किंवा खाऊन उलटी काढण्याचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी मोजमापाच्या वाटेला जाऊ नये. गरोदर स्त्रियांनी आणि इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वहीतील नोंदीवरून आहार परस्पर कमी करू नये. ती वही डॉक्टरांना दाखवावी. थायरॉइडची कमतरता, पीसीओडी (स्त्रियांमधील अंडाशयाचा व संप्रेरकांचा विकार), स्टिरॉइड आणि काही मानसोपचाराची औषधे यांनी वजन खरोखरच वाढते, तेव्हा प्रत्येक वाढलेल्या किलोमागे लबाडी शोधणेही अन्यायाचे आहे.

पहिला आठवडा: काहीही न बदलता लिहिणे

या आठवड्यात काहीही सोडायचे नाही आणि काहीही सुरू करायचे नाही. पाहुणे येणार म्हटले की घर आवरले जाते, त्याप्रमाणे वही उघडली की खाणे आपोआप सभ्य होते. ही सभ्यता शक्य तेवढी टाळावी, कारण आपल्याला आवरलेले घर पाहायचे नसून रोजचे पाहायचे आहे. आठवडा निवडताना त्यात शनिवार आणि रविवार दोन्ही यावेत आणि एखादे बारसे, केळवण किंवा ऑफिसातील वाढदिवस आला तर उत्तम. ‘या आठवड्यात लग्न आहे, पुढच्या सोमवारपासून सुरू करू’ हा विचार मनात आला, तर तोच आठवडा पक्का करावा.

नोंद घास तोंडात जाण्यापूर्वी व्हावी. रात्री झोपताना दिवस आठवून लिहिलेली यादी ही पुन्हा दोन पोळ्या आणि थोडा भातच असते. ज्यांना चारचौघांत वही काढणे अवघड जाते त्यांनी ताटाचे छायाचित्र काढावे आणि घरी आल्यावर ते पाहून लिहावे. प्रत्येक ओळीत वेळ, पदार्थ, संख्या आणि बसून खाल्ले की उभ्याने, एवढ्या चार गोष्टी असाव्यात. शेवटचा रकाना क्षुल्लक वाटेल, पण माझ्या वहीत विस्मरणात जाणारे जवळजवळ सगळे खाणे उभ्याने झालेले होते.

काही शब्दांना वहीत बंदी असावी: थोडे, एखादे, नुसते, चवीपुरते, कधीतरी, येता-जाता. ‘थोडा चिवडा’ म्हणजे किती वाट्या, हे ज्या ओळीत नाही ती ओळ खोडून पुन्हा लिहावी. उदाहरण म्हणून माझ्याच वहीतील एका मंगळवारची संध्याकाळ देतो. ५.४०: चहा १ कप, साखर २ चमचे, खारी ३, बसून. ५.५५: खारी १, उभ्याने, तुटलेली होती म्हणून. ६.१०: खारीचा चुरा, डबा बंद करताना. तुटलेली खारी मोजायची नसते अशी माझी समजूत होती हे मला त्या ओळीपर्यंत ठाऊकच नव्हते. असे नियम प्रत्येक घरात असतात. दुसऱ्याच्या ताटातले मोजत नाहीत, प्रसाद मोजत नाहीत, चव पाहण्यासाठी घेतलेले मोजत नाहीत, आणि ‘वाया जाईल’ म्हणून संपवलेले तर पुण्याच्या खात्यावर जाते. घरातील बायकांच्या बाबतीत हा शेवटचा नियम विशेष महाग पडतो, कारण सगळ्यांची जेवणे झाल्यावर पातेल्यात उरलेले संपवण्याचे काम बहुधा त्यांच्याकडेच असते.

एखाद्या दिवशी नोंद राहिली, तर ती नंतर अंदाजाने भरू नये. त्या दिवसापुढे ‘लिहिले नाही’ एवढेच लिहावे आणि त्या संध्याकाळी कोठे होतो ते शेजारी टिपून ठेवावे. बहुतेक वेळा वहीतील सर्वांत बोलके पान हेच असते.

दुसरा आठवडा: ‘दोन पोळ्या’ म्हणजे किती

लिहिण्याची सवय लागली की काटा बाहेर काढावा. सुरुवात वाटीपासून करावी. घरातील नेहमीची वाटी काठोकाठ पाण्याने भरून ते पाणी औषधाच्या मापाने किंवा काट्यावर मोजावे. एका ग्रॅमला एक मिलिलिटर. आहारतक्त्यातील वाटी आणि आपल्या मांडणीतील वाटी या दोन वेगळ्या वस्तू असू शकतात, आणि लग्नात आहेर म्हणून आलेल्या वाट्या तर बरेचदा पातेल्याच्या धाकट्या भावासारख्या असतात.

यानंतर कणकेचा गोळा वजन करावा. शंभर ग्रॅम कणीक भिजवायला साधारण साठ मिलिलिटर पाणी लागते असे धरले, तर पस्तीस ग्रॅमच्या गोळ्यात बावीसेक ग्रॅम पीठ असते आणि त्याच्या तेल न लावलेल्या फुलक्यात सुमारे ७५ कॅलरी असतात. साठ ग्रॅमचा गोळा, घडीत आणि वरून मिळून एक चहाचा चमचा तेल, अशी घडीची पोळी सुमारे १७० कॅलरींची होते. दोन्ही घरांत माणूस डॉक्टरांना ‘दोन पोळ्या’ असेच सांगतो. एका घरात त्या दीडशे कॅलरी असतात आणि दुसऱ्या घरात तीनशे चाळीस. भाताचेही तसेच आहे, म्हणून तांदूळ धुण्यापूर्वी वजन करून घरातील माणसांत भागणे हा सोपा मार्ग आहे.

तेल मात्र ताटात मोजता येत नाही. ते भाजीत मुरते, आमटीवर तरंगते आणि कढईला चिकटते, त्यामुळे फोडणीच्या पळीत किती तेल मावते ते एकदा मोजून घ्यावे. पंधरा मिलिलिटर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात; पळी तिसाची असेल आणि दोन वेळा बुडत असेल, तर हिशोब स्वयंपाक करणाऱ्यालाही अपरिचित निघतो.

किराण्याची यादी पुढे ठेवणे

घरातील सर्वांत सच्चा साक्षीदार किराण्याचे बिल आहे. मागील तीन महिन्यांची बिले काढावीत आणि तेल, तूप, साखर, गूळ, शेंगदाणे यांची बेरीज करून ती माणसे आणि दिवस यांनी भागावी. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला सुमारे ४२ मिलिलिटर, म्हणजे ३८ ग्रॅम तेल येते आणि त्यातून सुमारे ३४५ कॅलरी मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलेले आहे. महिन्याला पाच किलो साखर आणणाऱ्या चौघांच्या घरात प्रत्येकी दिवसाला सुमारे ४२ ग्रॅम साखर जाते, आणि त्यात हॉटेलातील चहा, बिस्किटे, केक, मिठाई यांतील साखर धरलेलीच नाही. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेतून एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी आणि शक्यतो पाच टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा यावी असे सुचवते. पाच टक्के म्हणजे २००० कॅलरींमागे २५ ग्रॅम.

येथे लगेच एक बचाव पुढे येतो: ‘आम्ही साखर सोडली, गूळच वापरतो.’ गुळाच्या आणि साखरेच्या कॅलरींत नाव घेण्यासारखा फरक नाही आणि रक्तातील साखर दोहोंनी वाढते. चहात दोन चमचे साखर घालणारा माणूस गुळावर आल्यावर तीन चमचे घालू लागला, तर त्याने काय सोडले हा प्रश्नच आहे. पुड्यावर ‘साखरविरहित’ लिहिलेल्या बिस्किटांतील मैदा आणि वनस्पती तूप तसेच राहते. पुड्यावरील आकडे वाचताना ते शंभर ग्रॅमला आहेत की ‘एका सर्व्हिंग’ला, हे आधी पाहावे आणि आपण एक सर्व्हिंग खाऊन पुडा बंद करतो का, हे वहीत पाहावे.

उपवासाचा दिवस वेगळ्या पानावर

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण ज्यांनी रचली त्यांनी काटा वापरला नव्हता, पण त्यांचा अंदाज चुकलेला नाही. बेताच्या बशीभर खिचडीत पन्नास ग्रॅम साबुदाणा, पंचवीस ग्रॅम दाण्याचे कूट आणि मोठा चमचाभर तूप धरले, तर सुमारे १७५, १४५ आणि १२० मिळून ४४० कॅलरी होतात, म्हणजे वर सांगितलेल्या फुलक्यांपैकी जवळजवळ सहा. सहा फुलके एका बैठकीत खाल्ले तर आपल्यालाच जड वाटते, मात्र खिचडी खाऊन ‘आज काही खाल्ले नाही’ असे निर्मळ मनाने म्हणता येते. त्यानंतर बटाट्याचा चिवडा, राजगिऱ्याचा लाडू आणि उपवास सोडतानाचे साग्रसंगीत जेवण यायचे असते. श्रद्धेने उपवास करणाऱ्याने तो अवश्य करावा. फक्त वहीत त्या पानावर ‘उपवास’ हा एकच शब्द लिहून पान उलटू नये.

व्यायाम: घराबाहेरचा वेळ आणि चाललेला वेळ

व्यायामाच्या बाबतीत माणूस सर्वांत उदार असतो. ‘रोज सकाळी तासभर फिरायला जातो’ या वाक्यातील ‘रोज’ आणि ‘तासभर’ हे दोन्ही शब्द तपासावे लागतात.

‘रोज’ची तपासणी कॅलेंडरवर होते. ज्या दिवशी व्यायाम झाला त्या तारखेवर संध्याकाळी मिनिटे लिहावीत. झाला नाही त्या तारखेवर शून्य लिहावे. शून्य लिहिण्याचा आग्रह अशासाठी की कोरी तारीख नजरेला दिसत नाही आणि शून्य दिसते. महिनाअखेर बेरीज करून तीसने भागावे. पाऊस, पाहुणे, सर्दी, दिवाळी ही कारणे खरी असली तरी भागाकारात ती येत नाहीत. माझ्या ‘रोज’चा भागाकार पहिल्या महिन्यात अकरा मिनिटे निघाला होता.

‘तासभर’ची तपासणी घड्याळावर होते. चपला घातल्यापासून चपला काढेपर्यंतचा वेळ हा घराबाहेरचा वेळ आहे. मैदानापर्यंत स्कूटरने जाणे, ओळखीच्या मंडळींसाठी थांबणे, दोन फेऱ्यांनंतर कट्ट्यावर बसून महानगरपालिकेचा समाचार घेणे आणि शेवटी टपरीवरचा चहा हे सारे त्यात येते, आणि या साऱ्याचे मोल माझ्या मते मोठे आहे, पण ते व्यायामाच्या रकान्यात नको. चालण्याचा वेग पुरेसा आहे की नाही हे ओळखण्याची साधी खूण अशी की चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. गाणे म्हणता येत असेल, तर ती रपेट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला अशा मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटे गाठावीत आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम करावा. हा दुसरा भाग आपल्याकडे ‘मी चालतो ना’ या उत्तराखाली सरसकट गाडला जातो.

मनगटी पट्टा किंवा ट्रेडमिल दाखवते तो कॅलरींचा आकडा खर्चाच्या वहीत लिहू नये. सत्तर किलोचा माणूस ताशी पाच किलोमीटरच्या वेगाने अर्धा तास चालला, तर एकूण सुमारे १२० कॅलरी खर्च होतात, पण त्यातील पस्तीसेक तो खुर्चीत बसून राहिला असता तरी खर्च झाल्या असत्या. चालण्याची खरी कमाई ८५ ते ९० कॅलरींची. दोन चमचे साखरेचा दुधाचा चहा आणि चार ग्लुकोज बिस्किटे मिळून सुमारे १७५ कॅलरी होतात, म्हणजे तासभर चालून आल्यावर घेतलेल्या या ‘हलक्या’ चहात हिशोब बरोबरीत सुटतो. चालण्याचे रक्तदाब, साखर, झोप आणि मन यांवर होणारे फायदे त्यामुळे कमी होत नाहीत. फक्त चालणे हे पोह्यांच्या दुसऱ्या बशीचे परवानापत्र आहे ही समजूत टिकत नाही. दहा हजार पावलांच्या आकड्याचीही फार भीड बाळगू नये. टोकियो ऑलिम्पिकनंतर १९६५ साली एका जपानी कंपनीने ‘दहा हजार पावले मोजणारे’ अशा अर्थाच्या नावाचे यंत्र बाजारात आणले, तेथून तो आकडा रुळला.

‘घरकामात होतोच की व्यायाम’ हे विधान अर्धे खरे आहे. ओणवे होऊन फरशी पुसणे हे मध्यम श्रमात मोडते, ओट्याशी उभे राहून स्वयंपाक करणे मोडत नाही. फरशी कोण पुसते, हे कॅलेंडरवर लिहिले की विधान कोणाच्या बाबतीत खरे आहे ते कळते, आणि कधीकधी असेही दिसते की घरातील जिला ‘व्यायाम करत जा’ असे ऐकवले जाते तिचीच मिनिटे सर्वांत जास्त आहेत.

टेप आणि रक्त

वजन रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी घ्यावे आणि आठवड्याची सरासरी काढावी. मीठ, पाणी, मासिक पाळी यांनी एका दिवसात किलोभर इकडे-तिकडे सहज होतो. सोयीचा दिवस निवडून वजन सांगणे हाही आत्मवंचनेचाच प्रकार आहे.

‘मी बारीकच आहे’ म्हणणाऱ्यांसाठी टेप अधिक महत्त्वाची आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली छापले गेले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्या लोकांत हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेले असे शरीर सामान्य आहे, म्हणून भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर मानतात. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, साधा श्वास सोडून लावावी. पँटचा आकार हा पुरावा नव्हे, कारण पँट पोटाखाली घसरवता येते आणि वर्षानुवर्षे तोच आकार मिरवता येतो.

रक्ततपासणीच्या आधीचे तीन दिवस गोड बंद आणि तपासणीच्या दिवशी प्रयोगशाळेबाहेरच मिसळ, हा प्रकार सर्वपरिचित आहे. उपाशीपोटीची साखर त्याने थोडीफार सावरते. एचबीएवनसी ही रक्ततपासणी मागील दोन-तीन महिन्यांतील रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवते आणि तीन दिवसांच्या सदाचाराला दाद देत नाही, ५.७ ते ६.४ टक्के ही मधुमेहपूर्व अवस्था आणि ६.५ टक्के व त्यापुढे मधुमेह समजतात. रक्तक्षय असेल तर हा आकडा फसवू शकतो, तेव्हा तो डॉक्टरांकडूनच वाचून घ्यावा.

वही कोणाबरोबर वाचावी

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी वही पुढे घेऊन बसावे, आणि शक्य असेल तर एकट्याने बसू नये. नवरा किंवा बायको हा वाचक सहसा चालत नाही. वहीचे रूपांतर आठवड्याभरात जुन्या भांडणाच्या नव्या पुराव्यात होते. आहारतज्ज्ञ, किंवा स्वतःची वही घेऊन आलेला एखादा मित्र अधिक बरा. वाचताना वाईट पदार्थ शोधू नयेत, वेळ आणि जागा शोधावी. एका ओळखीच्या गृहस्थांच्या वहीत जेवणे निर्दोष होती आणि रात्री साडेदहा ते अकरा या अर्ध्या तासात, टीव्हीसमोर, डब्यातून थेट, रोज पावशेराच्या आसपास फरसाण जात होते. त्यांनी त्यापूर्वी भात सोडला होता, बटाटा सोडला होता, काही महिने दूधही सोडले होते.

अशी एकच गळती निवडावी आणि चौथ्या आठवड्यापासून फक्त तीच बुजवावी. निर्धारापेक्षा वस्तू हलवणे अधिक टिकते: महिन्याचे तेल चार सारख्या बरण्यांत भरून आठवड्याला एकच उघडणे, तिसाची पळी काढून पंधराची आणणे, फरसाणाचा डबा न आणता हवे तेव्हा छोटी पुडी आणणे, मुलांच्या ताटात आधी कमी वाढणे, मैदानापर्यंतची स्कूटर बंद करणे. तीन आठवड्यांनी किराण्याचे बिल, कॅलेंडरची बेरीज आणि टेप यांपैकी एकही आकडा हलला नसेल, तर गळती बुजलेली नाही किंवा दुसरीकडून सुरू झाली आहे. अशा वेळी पुन्हा एक आठवडा वही लिहावी. सगळे आकडे खरे असूनही वजन ढळत नसेल, तर तीच वही घेऊन डॉक्टरांकडे थायरॉइडची आणि चालू औषधांची चौकशी करावी.

यापुढे वही कायम लिहिण्याची गरज नाही. एचबीएवनसी जेव्हा करायची तेव्हा, म्हणजे साधारण तीन ते सहा महिन्यांनी, तपासणीच्या आधीचा एक आठवडा पुन्हा लिहावा. त्या वहीत तुटलेल्या खारीसाठी स्वतंत्र ओळ ठेवावी.